ओढ्याकाठची टोपली

तापात माझं दूध आटलं, तेव्हापासून गोदूला बुधी पाजायची. ठाकरवाडीतून रोज सकाळी यायची. एका मांडीवर तिचा नवसू, दुसरीवर माझी गोदू. पिता पिता गोदू माझ्या हिरव्या बांगड्यांशी खेळायची, म्हणून मी हात पुढे धरून बसायची.

मग आमच्या गावात पटकीने दोन माणसं गेली. त्यांची अंथरुणं ओढ्यात धुतली, आणि ओढा पुढे वाडीलाच जातो. मी बुधीला म्हटलं, "ओढ्याचं पाणी पिऊ नका गं."

ती हसली. "व्हातं पानी बाटतं व्हय, मास्तरीण?"

ओढ्याचं पाणी पिऊ नये, अशी दवंडी पिटायचा हुकूम मुरबाडहून आला. महादू कोतवाल ढोल घेऊन वाडीवर गेला आणि तसाच परतला.

"वाडीत कुत्रं पन नाय, वैनी. ढोल ऐकला न सगळी रानात पळाली. त्यांना वाटलं, सायबाचं सामान वाहाया वेठीला धरतंय."

"मग सांगितलंस कुणाला?"

"झोपड्यांना! हुकूम वाचायचा होता, वाचला."

सांजेला ती माणसं तहानलेली परतणार, आणि पहिली घागर ओढ्यातच बुडणार.

वाडीला न बोलता कळेल अशी एकच गोष्ट होती. गावात मरी, म्हणजे पटकीची देवी, शिरली की तिची टोपली भरून शिवेबाहेर सोडतात. टोपली दिसली की तिथल्या पाण्याला कुणी शिवत नाही. बिऱ्हाडं उचलून डोंगर गाठतात. पण टोपली सोडणं म्हणजे आपलं मरण दुसऱ्याच्या दारात टाकणं. त्यावरून डोकी फुटलेली आहेत.

मी टोपलीत भात, लिंबू, कुंकू ठेवलं. हिरव्या बांगड्या लागतात. नव्या नव्हत्या, म्हणून हातातल्याच उतरवल्या.

"सवाष्णीचे हात मोकळे? वेड लागलं का गं?" सासूबाई ओरडल्या.

वाडीच्या पाणवठ्यावर टोपली ठेवली आणि मागे न बघता पळत आले.

सकाळी वाडीत धूर नव्हता. वर, सिद्धगडाच्या सोंडेवर होता. पण बुधी आली नाही. बांगड्या तिने ओळखल्याच असणार. गोदू पेज थुंकायची, रडून निळी पडायची. रडणं थांबलं की मी तिच्या नाकाशी बोट धरायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यापलीकडून हाक आली. "मास्तरीण गो!"

बुधी होती. "आमच्या दारात मरी धाडलीस? तुज्या हातच्या बांगड्या घालून?"

"तुम्ही ते पाणी पिऊ नये म्हणून गं. ढोलाला तर पळालात!"

तिने एकदा वर सोंडेकडे पाहिलं. "बाया म्हनतात, तिचं तोंड बघू नको." मग पदर छातीशी दाबून म्हणाली, "पन माजं थान फुटाया आलंय. ठेव पोरीला त्या खडकावर न मागं हो. तुज्या गावात मी नाय येनार. मरी सरंस्तवर वर माज्याकडंच ऱ्हाईल ती."

खडकावर ठेवताना गोदूने माझ्या मोकळ्या मनगटावर बांगड्या चाचपल्या. मी मागे झाले.

आता मांडी रिकामी आहे, म्हणून लिहायला सवड आहे. संध्याकाळी सोंडेवर धूर दिसला की मी जेवते.