पलंगाखालच्या चपला

सून न मागता चहा पुढे करते म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, हे रुक्मिणीने ओळखलं होतं. संपात मिल सुटल्यापासून ती चारकोपला मुलाकडे, सहदेवकडे, राहायची. सून जानकी मानसशास्त्र शिकत होती, आणि हल्ली तिचा सगळा अभ्यास सासूवरच चालला होता.

"आई, ह्यांना गावी ठेवलंत तेव्हा हे केवढे होते?"

"तीन वर्सांचो. कित्याक?"

"खूप रडले असतील ना?"

"एक टिपूस काढल्यान नाय! वासरू बघूक तेका गोठ्यात धाडलंय, नि मी मुंबयची बोट गाठलंय."

हे सांगताना रुक्मिणीला नेहमी अभिमान वाटे. नवराबायको दोघंही मिलमध्ये, पोराला बघणार कोण? सगळेच गावी ठेवत आणि सगळेच असे डोळा चुकवून निघत. जानकीने मात्र हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "लहानपणी असं झालं की माणूस मोठेपणीही धास्तावलेला राहतो म्हणे. हे रोज माझ्या चपला दारातून उचलून पलंगाखाली ठेवतात, म्हणून विचारलं."

"चोर काय कमी आसत हय?" रुक्मिणी फणकारली.

बाईसाहेबांना नवऱ्याच्या विक्षिप्तपणाचं खापर सासूच्या माथी फोडायचं होतं तर! उद्या हिने त्याचे कान भरले आणि त्याने जाब विचारला, तर? त्याला त्यातलं काहीच आठवत नाही, या भरवशावर तर ती आजवर सुखाने जेवली होती.

तिने घाटकोपरला लेकीकडे जायचं ठरवलं. रविवारी सकाळी ती लुगडी पिशवीत भरत होती, तेव्हा सहदेव समोर पेपर वाचत होता. त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं आणि पान उलटलं. दुपारी जानकी बाजारात गेली, सहदेव पलंगावर आडवा झाला. सांगितलं तर उगाच तमाशा व्हायचा, म्हणून रुक्मिणी हळूच दाराशी आली. तिच्या चपला गायब!

सुनेचंच काम, दुसरं कोण करणार? पुटपुटत ती पलंगाखाली वाकली. चपला अगदी मागे, भिंतीला लावून ठेवल्या होत्या. तिने हात घातला.

"आई," सहदेव डोळे मिटूनच म्हणाला, "ह्या वेळेक सांगान जा."

रुक्मिणी तिथेच लादीवर बसली. पोर रडलं नाही, हे तिने जन्मभर मिरवलं होतं. चपला तशाच भिंतीशी ठेवून ती त्याच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत राहिली.