योसेफकाकांचं डायरेक्ट सॉकेट

बँकेत छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला जगातलं सगळंच कळतं. योसेफ आपटेकर निवृत्त झाले, त्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि पनवेलच्या बिल्डिंगखाली तिचं फिरतं घर करायला बसले. पलंग झाला, कपाट झालं. राहिलं एक सॉकेट.

ते बायकोसाठी, शुलामिथबाईंसाठी होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. मग शनिवारी तारे दिसेपर्यंत त्यांच्या घरात कुणी बटणाला बोट लावत नाही. जेवण आधीच शिजतं आणि चालूच ठेवलेल्या विजेच्या मंद शेगडीवर शनिवार दुपारपर्यंत गरम राहतं. या शेगडीपायी लग्नाच्या अडतीस वर्षांत दोघं एकाही शनिवारी बाहेर राहिले नव्हते. बाईंनी अट घातली होती, "येते. पण पहिल्याच शनिवारी गार जेवायला लागलं, तर गाडी विकायची."

सॉकेट लावून झालं तेव्हा बाईंनी नवऱ्याला न विचारता करंजाड्याच्या वसुंधराला बोलावलं. ही पोरगी गाड्यांचं वायरिंग करते. तिनं बॅटरीची पेटी उघडली.

"काका, फ्यूज कुठाय?"

"काढला. शब्बाथला उडाला तर परत कोण लावणार? म्हणून सगळं डायरेक्ट. फ्यूज नाही, ब्रेकर नाही. उडायला काही ठेवलंच नाही!"

"गाडी ठेवलीत ना. ती उडेल."

"मी बारा व्हिडिओ बघितलेत."

"आणि मी दोन जळलेल्या गाड्या. इन्व्हर्टर दोन हजार वॅटचा आहे. भरात आला की बारा व्होल्टच्या बॅटरीतून पावणेदोनशे अँपिअर ओढेल, आणि तुम्ही जोडलीय पंख्याची वायर! शेगडी तीच होईल. तुमच्या गादीखाली."

इथे काकांनी गप्प बसायचं होतं. पण तिशीतल्या बाईकडून ऐकून घ्यायचं म्हटलं की पुरुषाच्या पोटात दुखतं, मग त्याचा धर्म कुठलाही असो.

"तुला शब्बाथमधलं काय कळतं गं?"

"मला कळतं," शुलामिथबाई दारातून कडाडल्या. "जीव वाचवायला शब्बाथ मोडता येतो. कालवण गरम ठेवायला जीव द्यायचा, असं कुठं लिहिलंय? वसू, तू लाव फ्यूज."

वसुंधरानं काकांची वायर उपटली. अंगठ्याएवढी जाड केबल टाकली, तीही जमेल तितकी आखूड. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. इन्व्हर्टर गादीखालून काढून हवेशीर जागी घट्ट आवळला, त्याचं अर्थिंग गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडलं. सॉकेटच्या आधी एक छोटा ब्रेकर, करंट गळला तरी पडणारा.

"काका, हा शेगडीपुरताच आहे. दुसरं काही लावायचं नाही."

"हो गं बाई, हो."

शुक्रवारी दुपारी गाडी नेऱ्याच्या पुढे एका फार्महाऊसच्या आवारात लागली. नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण आणि भात शेगडीवर चढले. बाईंनी मेणबत्त्या लावल्या, आशीर्वाद झाले. रात्रभर शेगडी शहाण्यासारखी चालली. काकांना तर डोंगरही आपणच बसवल्यासारखा दिसत होता.

शनिवारी सकाळी सहा वाजता 'टक्' झालं.

बाईंनी पातेल्याला हात लावला. अजून गरम होतं. दुपारपर्यंत राहणार नव्हतं. मग त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे एक मल्टिप्लग होता. एका भोकात शेगडीचा प्लग, दुसऱ्यात टायमर आणि टायमरला पाणी तापवायची दीड हजार वॅटची किटली.

"अहो, हे काय?"

"तुझा सकाळचा चहा," काका पुटपुटले. "म्हटलं, सरप्राइज."

ब्रेकरचा खटका खाली मान घालून बसला होता. काकांचं बोट हळूच तिकडे सरकलं.

"हात लावायचा नाही!" बाई ओरडल्या. "या गाडीत तो एकटाच नीट शब्बाथ पाळतोय."

दुपारी दोघांनी गारढोण भातावर गारढोण कालवण घेतलं. समोर डोंगर होता, वारा होता. बाईंनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. काका मात्र घास चिवडत होते.

"मग, विकायची ना गाडी?"

"गाडीनं काय केलंय? तिनं वेळेवर बंद पडून दाखवलं." बाईंनी हाड चोखून ताटात टाकलं. "गाडी राहू दे. तुम्हाला कुणी घेतंय का, ते बघते."