गुडघ्यापुढे एक वीत

माझे वडील बसच्या सीटा बनवत. बसची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात ते सीट-विभागाचे फोरमन होते, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतून त्यांनी घरी एकच नियम आणला होता: बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापुढे एक वीत मोकळी असली पाहिजे. टेप खिशात असायची, पण शेवटचा निकाल हाताचा. दवाखान्यात, नाट्यगृहात, माझ्या पहिल्या मुलाखतीच्या वेळी बाहेरच्या बाकावर, जिथे बसतील तिथे अंगठा समोरच्या पाठीला टेकवायचा, करंगळी गुडघ्यापर्यंत ताणायची, आणि बहुतेक वेळा “चोर” म्हणायचं. पुढे बसलेला माणूस दचकून मागे बघायचा. मी दुसरीकडे बघायचे.

त्यामुळे धाकट्या भावाकडे जाण्यासाठी विमानाची तिकिटं काढायला बसलो, त्या दिवशी काय होणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मी मध्ये, आई एका बाजूला, बाबा दुसऱ्या. तारखा झाल्या, नावं झाली, आणि मग सीट निवडायचं पान उघडलं. करड्या चौकोनांना पैसे नव्हते, पण ते आपण निवडायचे नव्हते, कंपनी देईल ते घ्यायचे. निळे आपल्या पसंतीचे, त्यांना पैसे. नारिंगी म्हणजे पाय पसरायला जास्त जागा, त्यांना आणखी पैसे.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“म्हणजे सीट पुढं सरकवून आधी माणसाचे पाय कापायचे,” ते म्हणाले, “आणि मग तेच पाय त्याला विकत द्यायचे.”

मी म्हटलं, पाच तासांचा प्रवास आहे, आईच्या गुडघ्याचं काय ते बघा. आई म्हणाली की तिला काही नको, ती मांडी घालून बसेल. दीड वर्षापूर्वी ती पडली, तेव्हापासून काठीशिवाय चालत नव्हती आणि मांडी तर विसरूनच गेली होती. पण बाबांना पाठिंबा मिळाला तो मिळालाच. एक पैसा जास्त दिला नाही. कंपनीने मग आम्हाला तीन जागा दिल्या: आई सत्तावीस ई, बाबा एकतीस बी, मी चौतीस ई.

“बघ, एका घराचे तीन तुकडे केले,” बाबा म्हणाले. आपलं म्हणणं खरं ठरलं की त्यांचा चेहरा उजळायचा, नुकसान स्वतःचं असलं तरी.

सहा आठवड्यांनी ते गेले. दुपारी, जेवण झाल्यावर, खुर्चीत, चष्मा हातात. सांगण्यासारखं एवढंच.

धाकटा आला, आठ दिवस राहिला आणि जाताना म्हणाला की तिकिटं आहेतच, आईला त्याच तारखेला घेऊन ये, चार महिने राहू दे. बाबांचं तिकीट तेवढं रद्द करायचं होतं. ते मी कंपनीच्या संकेतस्थळावर करू गेले. तिथे कोपऱ्यात एक हसरा यंत्रमानव होता. त्याला मी लिहिलं की प्रवासी क्रमांक दोन यांचं निधन झालं आहे. त्याने उत्तर दिलं की मला मदत करायला त्याला आनंदच होईल, आणि प्रवासी क्रमांक दोन यांना पाय पसरायला जास्त जागा हवी आहे का?

मी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी फोन केला.

पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगा बोलायला आला. सभ्य होता. मृत्यूचा दाखला कुठे पाठवायचा ते त्याने दोनदा सांगितलं, वाईट वाटल्याचंही सांगितलं. मग म्हणाला, “आणि मॅडम, पहिल्या प्रवाशांची चौदा ए तशीच ठेवायची ना?”

मी म्हटलं, आमच्यात चौदा ए कोणाचीच नाही, सगळे मागे आहोत. त्याने परत बघितलं. पहिला प्रवासी म्हणजे आई. चौदा ए, खिडकी, संकटकालीन दाराची रांग, विमानातली सगळ्यात मोकळी सीट. पैसे भरलेले होते. त्याने तारीख सांगितली. बाबा जाण्याआधी नऊ दिवस.

त्यांच्या टेबलाच्या खणात छापील कागद सापडला, चार घड्या घातलेला. कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलं होतं: दाराची. हिला.

त्यांचं ते जुनं तत्त्व होतं. कुठल्याही गाडीत दारालगतची सीट धरावी, तिथे मालकाला चोरी करता येत नाही, कायदा आडवा येतो. कारखान्यात एकदा संकटकालीन दाराजवळची रांग दोन बोटं पुढे बसली होती. दार उघडत होतं, पण सीटच्या कडेला घासून. मालक म्हणाला, चालतंय की. बाबांनी बोल्ट काढून अख्खी रांग उपटली आणि परत बसवली. गाडी दोन दिवस उशिरा गेली. मालक महिनाभर बोलला नाही. ही गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की “दोन बोटं” एवढं म्हटलं तरी धाकटा आणि मी उठून जायचो.

पण विमान म्हणजे बस नव्हे. कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या रांगेतला प्रवासी धडधाकट आहे, त्याला चालायला आधार लागत नाही, आणि वेळ आली तर तो दार उघडून इतरांना मदत करेल. त्यापुढे बरोबरची खूण. औषधाच्या बाटलीवरचं अक्षरही भिंगाने वाचणाऱ्या माणसाने ती न वाचता केली, की वाचून केली, हे आता कोणाला विचारणार?

पुढचे दोन आठवडे मी तीन वेगवेगळ्या माणसांशी फोनवर बोलले. पहिल्याने सांगितलं की काठी असेल तर तिथे बसता येणार नाही. दुसरीने सांगितलं की सीट बदलता येईल, पण नवी विकत घेऊन. जुनीचे पैसे मिळणार नाहीत, कारण ती प्रवाशाने स्वतः पसंत केली आहे. मी म्हटलं, प्रवाशाने नाही, तिच्या नवऱ्याने. ती म्हणाली, मग त्यांना अर्ज करायला सांगा. तिसऱ्याच्या वेळी मी भांडायचं सोडून दिलं आणि आईला म्हटलं, मी माझ्या पैशांनी दोन चांगल्या सीटा घेते, दहाव्या रांगेत, शेजारीशेजारी. पायही पुरतील आणि आपण बरोबरही राहू.

“ह्यांनी घेतलीये ना,” आई म्हणाली. “मी तिथंच बसणार.”

“आई, तिथे काठीवाल्यांना बसू देत नाहीत.”

“काठी काय तिकीट काढून येतीये?”

मी कायदा समजावला, कागदावरचं बारीक अक्षर वाचून दाखवलं. माणूस संकटात मदत करेल, यात खोटं काय आहे, असं तिचं म्हणणं. जन्मभर केली नाही का? मग तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली आणि शांतपणे सांगितलं की ती सीट नसेल तर ती येणार नाही. मीच जाऊन धाकट्याकडे चार महिने राहून यावं. लग्नानंतर ह्यांनी तिच्यासाठी न मागता विकत आणलेल्या वस्तू तिला बोटांवर मोजता येत होत्या, आणि ही शेवटची होती. ती तिला वापरायची होती, बस.

धाकट्याला फोन केला, तर तो म्हणाला, “ताई, बसू दे की तिला, कोण बघतंय.” मी म्हटलं, तुझं बरं आहे, तू उंटावरून शेळ्या हाक. वैताग मला त्याचा होता, आईचा होता, कंपनीचा होता, आणि सगळ्यात जास्त ज्यांचा होता ते वाद घालायला जागेवर नव्हते. हयातीत त्यांच्यावर वैतागायची मला इतकी सवय होती की ती सवय कुठे ठेवायची ते कळत नव्हतं.

निघायच्या दिवशी मी ठरवलं होतं की विमानतळावरचे लोकच तिला काय ते सांगतील. माझ्या तोंडून पुरे झालं. टॅक्सीतून उतरल्या उतरल्या आईने सामानाची ढकलगाडी धरली आणि तिच्या आधाराने टुकूटुकू चालायला लागली. काउंटरमागच्या बाईने पासपोर्ट बघितले, आईकडे बघितलं, दाराजवळची सीट चालेल ना विचारलं. आई म्हणाली, मुद्दाम घेतलीये. बाईने कार्ड छापून दिलं. बॅग पट्ट्यावरून सरकत रबरी झालरीच्या पलीकडे गेली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

“आई, काठी?”

“बॅगेत,” आई म्हणाली. काठी तीन घड्यांची होती. तिने ती साड्यांमध्ये ठेवली होती.

त्यानंतरचा अर्धा मैल तिने माझं कोपर धरून काढला, जणू गप्पा मारत चाललो आहोत अशा थाटात. मला हसूही येत नव्हतं. विमानात शिरलो, चौदावी रांग आली, ती खिडकीपाशी सरकून बसली आणि तिने उजवा पाय सरळ केला. पूर्ण सरळ. गुडघा वाकला नाही, समोर कशाला लागला नाही. मग तिने गादीची कड अंगठ्याने दाबून बघितली, अगदी ते दाबायचे तशी.

“फोम हलका आहे,” ती म्हणाली. तिचा चेहरा मी दोन महिन्यांत तसा बघितला नव्हता. तेवढ्यापुरता मला सगळा वैताग फिटल्यासारखा वाटला.

मी मागे माझ्या जागेवर जायला निघणार, तेवढ्यात विमानातली मुलगी आली. जेमतेम पंचविशीची, गळ्याला रुमाल. तिने आईची पर्स वर ठेवायला मागितली. या रांगेत पायाशी काही चालत नाही. आईने पर्समधून तो घड्या घातलेला कागद काढून हातात ठेवला आणि पर्स दिली. मग मुलीने पाठ केलेलं सगळं म्हटलं. दार पंधरा किलोचं आहे, हा दांडा असा ओढायचा, दार बाहेर ढकलायचं.

“उघडाल ना, आजी? तोंडाने हो म्हणावं लागतं, तेवढा नियम आहे.”

“मी नाही उघडलं तर?”

“तर मागचे अडकतील,” मुलगी म्हणाली. तेही पाठच होतं.

आईने मान वळवून मागे बघितलं. रांगांमागून रांगा, डोकीच डोकी. कोणी बॅग कोंबत होतं, एक बाई मांडीवरच्या मुलाचे बूट काढत होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हण, एक अक्षर आहे, काठी लपवताना जीभ अडखळली नाही, आता कशाला थांबतेस.

“नाही जमणार,” आई म्हणाली. “मला आधाराशिवाय उठता येत नाही. काठी आहे माझी. बॅगेत टाकलीये.”

मी म्हटलं, “आई, एक शब्द होता गं.” आवाज मला हवा होता त्याहून वर गेला.

“ह्यांनी दोन बोटांसाठी अख्खी रांग उपटली होती,” आई म्हणाली. “मला बसू दिलं असतं का?” मग मुलीला म्हणाली, “ही बसेल. हिच्या हातात जोर आहे.”

वीस रांगा मागे मी तिला नेलं. समोरून लोक येत होते, ती एकेका सीटची पाठ धरत चालली होती. एकतीस बी मध्ये एक धिप्पाड माणूस गुडघे तिरपे करून कसाबसा मावला होता. आई क्षणभर तिथे थांबली आणि पुढे निघाली. चौतीस ई मध्ये, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये, ती बसली. गुडघा कुठे ठेवायचा हे तिला नीट ठरवता येत नव्हतं. पट्टा लावून दिल्यावर तिने तो कागद माझ्या हातात दिला आणि मला जा म्हणाली.

चौदा ए मध्ये बसून मी मुलीला तोंडाने हो म्हटलं. विमान वर गेलं. जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे इतकी जागा होती आणि ती माझ्यासाठी नव्हती. पाय लांब केले तरी पोचेनात. थोडा वेळ मी बाहेर ढग बघितले. मग पुढे वाकून समोरच्या पाठीला अंगठा टेकवला आणि करंगळी गुडघ्याकडे ताणली. एक. परत अंगठा. दोन. शेजारचा माणूस वळून बघायला लागला. बघू दे.

तासाभराने ती मुलगी पाण्याचे पेले घेऊन आली आणि माझ्याकडे वाकली.

“चौतीसमधल्या आजी विचारतायत, किती भरली? त्यांच्याकडे चार बोटं भरली म्हणे.” ती जराशी घुटमळली. “आणि त्या कोणाला तरी चोर म्हणाल्या.”

“अडीच सांग,” मी म्हटलं.

“अडीच काय?”

“वीत.”

तिला शब्द माहीत नव्हता. मी पंजा ताणून दाखवला, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. तिने पेल्यांचा ट्रे डाव्या हातात घेतला आणि उजवा पंजा तसाच ताणून बघितला. मग विसरू नये म्हणून बोटं न मिटता, हात तसाच पुढे धरून, ती एकेक रांग ओलांडत मागे गेली.