तासाला एक गाठ

मित्रांनो, सगळी पृथ्वी मी एकट्याने तोलून धरली आहे. सात खंड, पाच महासागर आणि असंख्य राजधान्या माझ्या अंगाखांद्यावर नांदतात. तूर्त मी कपाटाच्या माथ्यावर, बंद पडलेल्या टेबलफॅनच्या मागे असतो.

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवून माझा जन्म झाला. चिकटवणाऱ्याला जेवायला जायची घाई असावी. विषुववृत्तावर माझे दोन अर्धे किंचित चुकले आहेत, त्यामुळे काही नद्या उडी मारून समुद्राला मिळतात.

माझी उमेदीची वर्षं विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या कचेरीत गेली. मालकांना सगळे 'दोरेवाले' म्हणत. बायकोच्या विणकामातून उरलेल्या लोकरीला त्यांनी गाठी मारल्या होत्या. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे विमानाचा एक तास. गिऱ्हाईक आलं की एका शहरावर टोक, दुसऱ्यावर अंगठा, आणि गाठी मोजून वेळ सांगायची. लोक थक्क होत. मीही पोट आत ओढून उभा राहत असे.

पुढे पुढे मात्र विमानं सांगितल्यापेक्षा उशिरा पोहोचू लागली. प्रवासी कुरकुरत येत, आणि दोरेवाले गंभीर चेहऱ्याने वाऱ्याला दोष देत.

एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या मावशी आल्या. लेक दूरदेशी, तिचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं. पाय सुजतात म्हणून डॉक्टरांनी मावशींना एका बैठकीत दहा तासांच्या वर बसायला मनाई केली होती. दोरेवाल्यांनी लोकर लावली. बरोबर दहा तास भरले. मावशींचा चेहरा उजळला. मग सवयीने त्यांनी लोकर चिमटीत फिरवून पाहिली.

"भाऊ, ही सैल पडलीय. किती वर्षं ओढताय?"

"अकरा."

"मग माझे दहा तास खरे किती?"

दोरेवाल्यांनी छापील वेळापत्रक उघडलं. ओळीवर बोट टेकवून आकडा दोनदा वाचला.

"बारा, मावशी."

मावशी पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या. तिथून परतल्या, माझ्यावर वाकल्या आणि त्या वाटेवर मध्येच एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"इथे उतरता येतं का? एका तुकड्यात बसत नसेल, तर जोड देऊ. जन्मभर तेच केलंय."

तीन महिन्यांनी त्या नातीचा फोटो दाखवायला आल्या. मधला थांबा धरून जाताना पंधरा तास लागले होते, येताना चौदा. पण येतानाचे संपता संपेनात, म्हणाल्या. दोरेवाल्यांनी वेळापत्रक चाळलं. त्यात तसं काही नव्हतं.

आता अंतर आणि वेळ फोन सांगतो, मिनिटासकट आणि अचूक. माझी तक्रार नाही. फक्त, त्याच्यावर अंगठा टेकून "एवढंच तर आहे" असं कुणी लेकीच्या आईला सांगत नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची कदर करा, असं सांगणार होतो. ते राहू द्या. येता-जाता मला अर्धी गिरकी तेवढी द्या. तीन वर्षं झाली, माझा एकच महासागर उन्हात वाळतोय.