जिजाच्या जागी

जानेवारीतल्या एका रविवारी उंबरवाडीत एकाच सकाळी दोन टेंपो आले. पहिला खोपोलीच्या शिळफाट्यावरून, तिथल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचा. दुसरा कर्जतच्या महिला बचतगटांच्या संघाचा. दोन्हीत ब्लँकेटंच होती.

वाडी डोंगराच्या पायथ्याशी, बावीस घरांची. त्यातली निम्मी बंद होती, कारण माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेली होती. मंडळाचे हरेशशेठ आणि संघाच्या हर्षलाताई टेंपोशेजारी एकमेकांकडे बघत उभे राहिले. हरेशशेठांचं कापडाचं दुकान. दर थंडीत ते स्वतः गाडीबरोबर यायचे. हर्षलाताई भातशेती करणाऱ्या घरातल्या. हसू आधी त्यांनाच आलं.

"एक फोन केला असता तुम्ही, तर आम्ही दुसरं काही आणलं असतं," त्या म्हणाल्या.

"नंबर तर पाहिजे ना तुमचा," हरेशशेठ म्हणाले, आणि तेही हसले.

तेवढ्यात मोतीबाई पुढे आली. साठीच्या पुढची, एकटी राहणारी बाई. तिने दोघांना घरात नेलं आणि माळ्याकडे हात केला. तिथे पाच-सहा ब्लँकेटं घडी घालून ठेवलेली.

"तुमी मायेनं आणता, नाय म्हणवत नाय," ती म्हणाली. "पण दोन महिनं रेशनचा तांदूळ मिळाला नाय. मशीन माजा अंगठाच घेत नाय."

हर्षलाताईंनी तिचा हात हातात घेतला. तीस-पस्तीस वर्षं मोतीबाई भट्टीवर विटा वाहत आली होती. बोटांची टोकं घासून गुळगुळीत झाली होती, रेषा अशी एकही उरली नव्हती. तिने तेल लावून पाहिलं होतं, साबणाने धुऊन पाहिलं होतं. दुकानदार म्हणायचा, मी तरी काय करू.

वाडीत अशी एकोणीस माणसं होती. काहींचे ठसे उमटत नव्हते, काही भट्टीवर असल्यामुळे रेशनकार्डाच्या पडताळणीला गेलीच नव्हती आणि त्यांची नावं कापली गेली होती. हे विकासने सांगितलं. विकास वाडीतलाच, बारावी झालेला, तरुणांची छोटी संघटना चालवणारा. एकोणीस जणांची यादी त्याच्या वहीत होती. दोनदा अर्ज देऊन आला होता तो. दोन्ही वेळा पोच मिळाली, पुढे काही झालं नाही.

त्या दिवशी ब्लँकेटं टेंपोतच राहिली. तिघं शाळेच्या ओट्यावर बसले आणि दुपारपर्यंत बोलत राहिले. विकासच्या यादीवरून संघाने नवा अर्ज लिहायचा, त्यावर तिन्ही संस्थांचे शिक्के आणि सह्या घ्यायच्या, असं ठरलं. गाडी मंडळ देणार होतं. तहसील कचेरीत जायचं हर्षलाताईंनी अंगावर घेतलं. त्यांना तिथे चार खेपा घालाव्या लागल्या, पण तारीख मिळाली. फेब्रुवारीतला एक बुधवार. डोळ्यांवरून ओळख पटवणारं मशीन वाडीच्या शाळेत येणार, संध्याकाळी पाचपर्यंत थांबणार आणि मग दुसऱ्या गावी जाणार.

बुधवारी पहाटेच हरेशशेठ, त्यांच्या मंडळातले दोघं आणि विकास भट्ट्यांवरून माणसं आणायला निघाले. कुठे कोण आहे हे मोतीबाईला पाठ होतं, म्हणून तीही टेंपोत बसली. दोन भट्ट्यांवर अडचण आली नाही. तिथली सात माणसं त्यांनी वाडीत पोचवली आणि गाडी रसायनीच्या पुढच्या भट्टीकडे वळवली. तिथे गाडं अडलं.

त्या भट्टीवर वाडीची सहा माणसं होती. मोतीबाईची भाची जिजा त्यांच्यातच होती. मुकादम म्हणाला, "आज भट्टी रचून आग लावायची हाय. सहा जणं गेली तर विटा कोण वाहील? उद्या न्या."

"उद्या मशीन नसेल," विकास म्हणाला.

मुकादमाने नुसती मान हलवली. जिजाही जागची हलेना. डोक्यावर विटांची चळत तशीच ठेवून म्हणाली, "आत्ये, तुमी जा. मी आले तर माजं काम बाकीच्यांवर पडंल."

मोतीबाई तिच्याजवळ गेली. विटा उतरवायला लावल्या, जिजाच्या डोक्यावरची चुंबळ काढली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"जा गं. तुज्या जागी मी हाय."

"आणि तुजा डोळा?"

"माजं एकटीचं पोट. तुज्या घरात चार तोंडं हायत. जा."

हरेशशेठ हे बघत होते. त्यांनी अंगातला पांढरा शर्ट काढून टेंपोत टाकला आणि मंडळातल्या दोघांकडे पाहिलं. त्यांनीही बाह्या वर केल्या. मुकादम गोंधळला. "शेठ, तुमाला जमायचं नाय," तो म्हणाला.

"नाही जमलं तर सांगा. पण सहा जणांना सोडा."

चार माणसं सहांच्या जागी उभी राहिली. विकास जिजाला आणि बाकीच्यांना घेऊन गेला.

पहिल्या तासात हरेशशेठांच्या हातून बऱ्याच विटा फुटल्या. तळहात सोलवटले. मोतीबाई त्यांना दाखवत राहिली, पाय कसा टाकायचा, मान कुठे ठेवायची, वळताना घाई कशी करायची नाही. दुपारी भट्टीवरच्या बायकांनी त्यांना भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी दिली. मंडळातले दोघं माळकरी होते, त्यांनी कांद्याशी खाल्ली. इतक्या वर्षांत हरेशशेठ वाडीत दहा वेळा आले असतील, पण मोतीबाईचं माहेर कुठलं हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. ती कर्जतजवळच्या कोंडाणे गावची होती.

साडेतीनला टेंपो परत आला. जिजा धावतच उतरली आणि आत्याच्या डोक्यावरची चुंबळ तिने काढून घेतली. "माजं झालं. पळ आता."

मोतीबाई शाळेत पोचली तेव्हा पाचला पंधरा मिनिटं होती. मशीनवाला आवरायला लागला होता. हर्षलाताईंनी त्याला चहा देऊन बसवून ठेवलं होतं. मोतीबाईच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मशीनने तो घेतला नाही. दोनदा, तीनदा करून पाहिलं, तरी नाही. तिचा चेहरा उतरला.

"उजवा बघूया," हर्षलाताई म्हणाल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "मोठा उघडा. श्वास सोडा."

मशीन वाजलं. पडद्यावर तिचं नाव आलं. विकासने ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि ओट्यावर बसलेल्या बायकांनी ते परत एकदा वाचायला लावलं.

एकोणीसपैकी सोळा झाली. तिघं घाटावरच्या भट्टीला होती, त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही. मार्चमध्ये मोतीबाईने दुकानातून तांदूळ आणला.

त्यानंतर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही संस्थांची माणसं शाळेच्या ओट्यावर बसू लागली. दुसऱ्या बैठकीला हरेशशेठ डोळ्यांच्या शिबिराचं बोलत होते, तेव्हा मोतीबाई खाली उभी राहून ऐकत होती. हर्षलाताईंनी सरकून तिला चटईवर जागा दिली. ती बसली आणि म्हणाली,

"डोळ्याचं करा, चांगलं हाय. पण आदी दुसरं बोलायचं हाय. जिजाची थोरली पोर ठमी. दिवाळीपासून आईसंगं भट्टीवर हाय, शाळा सुटली. अशा आठ पोरी हायत. त्यांना वाडीतच ठेवायचं तर त्यांचं जेवण कोण बघंल?"

विकासने वहीचं नवं पान काढलं. "आठ कोण कोण, नावं सांग," तो म्हणाला, आणि ती सांगू लागली.