कोपऱ्यातला पाटा

मी पाटा बोलतोय, दगडाचा, चार पायांचा. वर नका शोधू, खाली बघा. फार फार वर्षांपूर्वी कुण्या पाथरवटानं मला घडवलं, कितीक बायकांनी माझ्यावर वाटण वाटलं, आणि मग मी मातीखाली निवांत पडलो होतो.

बहात्तरच्या दुष्काळात बेंबळीजवळ तलावाचं काम निघालं. माती भरताना चांगुणाच्या खोऱ्याला आधी मी लागलो, मग माझा वरवंटा. पदरानं मला पुसत ती म्हणाली, "अगं बया, ह्येला तर पाय हायती!" एवढं कौतुक पुन्हा वाट्याला आलं नाही.

कामावरच्या साहेबांनी आम्हाला तालुक्याच्या वस्तुसंग्रहालयात आणलं. मी जड, म्हणून शिपाई वीरप्पानं मला दाराशेजारी कोपऱ्यात टेकवलं. वरवंटा आडवा ठेवला की गडगडायचा, म्हणून तो दारासमोरच्या कोनाड्यात उभा केला. झालं! कोनाड्यात काळा दगड उभा दिसल्यावर आमची माणसं गप्प बसतात होय? बाहेर चपला काढून हात जोडू लागली, हळदीकुंकू वाहू लागली. मिरच्या वाटून झिजलेला गडी देव झाला. माझ्यावर मात्र वीरप्पानं पोतं टाकलं. लोक दर्शन घेतात आणि जाताना माझ्यावर टेकतात. जागेचा महिमा, दुसरं काय! कंटाळलोय मी.

आज चांगुणा आली. तिला सापडलेला पाटा इथं आहे, हे लेकीच्या सासरी कुणाला पटेना. थापाड्या आईची लेक म्हणून पोरीला उठताबसता टोमणे. म्हणून विहिणीला, सत्यभामाला, ती दाखवायलाच घेऊन आली.

"ह्यो वरवंटा म्याच काडला, विहीणबाई. पाटा बी हितंच आसंल."

"अवं, देवाला वरवंटा काय म्हणताव? गालात मारून घ्या आधी!"

चांगुणानं सगळी कपाटं धुंडाळली. कोपऱ्यातल्या पोत्याकडं बघायचं कुणाला सुचतं? मी जीव तोडून हाका मारत होतो. दगडाचं कोण ऐकतं! शेवटी ती कोनाड्यापुढं वाकली आणि खरंच गालात मारून घेतलं.

"चुकलं देवा."

मग गळाल्यासारखी येऊन माझ्यावरच बसली. पाट्यावर बसू नये, हे लेकीला तिनंच शिकवलं असणार. खालच्या आवाजात म्हणाली, "विहीणबाई, म्या खोटी तर खोटी. पर माज्या पोरीला बोलू नका."

दोघी निघाल्या.

मला कोनाडा नको, कुंकू नको. एसटी यायला वेळ आहे, चांगुणा अजून फाट्यावरच उभी असेल. कुणीतरी हे पोतं उचला आणि तिला हाक मारा.