फरशीखाली गेलेले पाच सेंटीमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. वहीत रेघा ओढायची नव्हे हं, माणसांची उंची मोजायची. केज तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत, व्हरांड्याच्या भिंतीला पाठ टेकून मी एकवीस वर्षे उभी आहे. बसायची सोय नाही, पण त्याबद्दल माझी तक्रारही नाही. एक खोड मात्र आधीच कबूल करते. मला चौकशा फार. कोण आले, कोण गेले, कुणाच्या डब्यात काय आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

माझा जन्म केजच्या पाशा मिस्त्रीच्या दुकानात झाला. एका जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून त्याने मला कापले, रंधा मारला आणि तापलेल्या खिळ्याने माझ्या अंगावर एकेक रेघ डागली. फार चटके बसले. शेवटी टेप लावून त्याने मला तीनदा तपासले आणि शाळेच्या सरांना म्हणाला, "सर, केसाचा फरक निघाला तर परत आणून टाका, दुसरी देतो." मला परत नेण्याची वेळ कधी आली नाही. म्हणजे, अठरा वर्षे तरी आली नाही.

माझे काम वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि जानेवारीत. आरोग्य केंद्रातल्या वनमाला सिस्टर यायच्या, पोरांच्या चपला काढायला लावायच्या आणि माझी सरकती फळी त्यांच्या डोक्यावर टेकवायच्या. पोरे टाचा उचलायची, पोरी अंबाडा उंच बांधून यायच्या. मला सगळे कळायचे. सातवी-आठवीत काही पोरे अशी वाढायची, की सहा महिन्यांत ओळख पटू नये. काही मात्र नववीत गेली की तिथल्या तिथे. असे का होत असेल बरे? एकाच गावचे पाणी, एकच शाळा, मग एक वाढते आणि दुसरे का अडते? उरलेले दहा महिने मी याच विचारात घालवायची.

अशीच एक पोरगी संस्कृती. हाडकुळी, गप्प, पण डोळे भलतेच हुशार. सातवीत आणि आठवीत ती बरी वाढली. नववीच्या जूनमध्ये ती माझ्यापाशी उभी राहिली तेव्हा भरली एकशे बेचाळीस. "अजून वाढायचंय तुला. हीच तीन-चार वर्षं असतात पोरी, नंतर हाडं ऐकत न्हाईत," सिस्टर म्हणाल्या. संस्कृतीने मान हलवली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत व्हरांड्याला नवी शहाबादी फरशी बसवायचे ठरले. सटवा गवंडी आला. जुनी फरशी उखडायची म्हणजे चार दिवसांचे काम. सटवा म्हणाला, "उखडायची कावून? वरूनच टाकू की." आपल्याकडे असेच करतात. तीन घरांत बघा, दोन घरांत फरशीवर फरशी सापडेल. खाली सिमेंट-वाळूचा मसाला, वर नवी फरशी, आणि जमीन दोन इंच वर आली. वर्गाचे दार अडायला लागले, म्हणून सटवाने दार खालून तासले. दार त्याच्या ध्यानात राहिले. मी राहिले नाही. माझे पाय, म्हणजे तळाचे पाच सेंटीमीटर, मसाल्यात पुरले गेले. तिथले आकडे पोरांच्या लाथांनी कधीच पुसले होते, त्यामुळे कुणाला काही वेगळे दिसलेही नाही.

जानेवारीत मोजणी झाली आणि शाळेत एकच गलका झाला. ज्याला मोजावे तो वाढलेला! वर्गशिक्षक रामेश्वर सर नोंदी लिहिता लिहिता हरखून गेले. संस्कृती एकशे सत्तेचाळीस. सात महिन्यांत पाच सेंटीमीटर. सरांनी रंगीत खडूंनी मोठा तक्ता केला आणि सव्वीस जानेवारीला तो गावापुढे वाचायचे ठरवले. मी मनातून ओरडत होते, की सर, खाली बघा, खाली. पण लाकडाला कोण विचारतो?

आता खरी गोष्ट ऐका. संस्कृतीला त्याच महिन्यात प्रार्थनेत दोनदा चक्कर आली. दुसऱ्या वेळी ती माझ्याच अंगावर कोसळली. तिचा हात माझ्या रेघांवर पडला, गार होता अगदी. सिस्टरांना बोलावले. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि कपाळाला आठी घातली. पण मग नोंदवही उघडली. "उंची तर झकास वाढलीय. उंची एकदम वाढली की पोरींना असं होतं कधी कधी. सोमवारची गोळी घेत जा," म्हणाल्या आणि गेल्या. माझ्या खोट्या आकड्याने त्या पोरीची खरी चक्कर झाकली. मला इतकी शरम वाटली, की काय सांगू.

आणि सोमवारची निळी गोळी? ती लोहाची असते, रक्त वाढवते. संस्कृती ती तोंडात धरायची, सर पुढे गेले की काढायची आणि भिंत आणि मी यांच्यामधल्या फटीत सारायची. माझ्या पाठीमागे अकरा गोळ्या होत्या, मी मोजल्या. का टाकते ही, याचे उत्तर मला किती दिवस मिळेना.

ते मिळाले रहेमतबीमुळे. रहेमतबी गावात शाळेचे गणवेश शिवते. सव्वीस जानेवारीआधी ती टेप आणि जुनी वही घेऊन शाळेत आली. व्हरांड्यातच पोरींची मापे घेऊ लागली. संस्कृतीचे माप घेतले, वहीत पाहिले, परत घेतले.

"सर," तिने हाक मारली, "ही पोरगी वाढली म्हणता तुमी?"

"पाच सेंटीमीटर," सर म्हणाले. "तक्त्यात हाय की."

"जूनमध्ये सलवार पस्तीस इंच शिवली. आज बी पस्तीसच भरती. बाही तेवढीच, खांदा तेवढाच. मग पोरगी काय नुसती मानंत वाढली का?"

पोरी फिदीफिदी हसल्या. सर जरा चिडले. "पट्टी चुकत न्हाई, रहेमतबी. पाशा मिस्त्रीनं केलेली हाय."

"माजा टेप बी चुकत न्हाई. लावून बघू, काय बिघडतंय?"

तिने टेपचे टोक फरशीवर धरले आणि माझ्या पन्नासच्या रेघेपर्यंत ताणले. टेपवर आले पंचेचाळीस. सरांनी स्वतः लावून पाहिले, तरी पंचेचाळीसच. मग ते खाली वाकले, फरशीवरून बोट फिरवले आणि माझे पाय फरशीखाली गेलेले त्यांच्या ध्यानात आले. सटवाला बोलावणे गेले. तो आला, बघितले, डोके खाजवले. "मी दाराचं बघितलतं सर. हिचं ध्यानातच न्हाई आलं."

संस्कृतीला पुन्हा मोजले. एकशे बेचाळीस. सात महिन्यांत ती तसूभरही वाढली नव्हती.

तेव्हा रहेमतबीने तिला जवळ बसवले आणि इतक्या दिवसांत कुणीच न विचारलेले विचारले. "बेटा, सकाळी काय खाल्लंस?"

"चहा."

"आन् दुपारी?"

"दुपारी न्हाई. आठवीपस्तोर खिचडी होती शाळेत. नववीला नसती."

"डबा?"

"आई उजाडायच्या आत कापूस वेचाया जाती. भाकरी रानात लागतात, भावाला लागतात. उरली तर मी आणते. पण उरत न्हाई." तिने ओढणीचे टोक बोटाला गुंडाळले. "संध्याकाळी जेवते की मी. अन् ती गोळी उपाशी पोटी घेतली का मळमळतं, उलटी होती. म्हणून टाकते."

व्हरांड्याच्या टोकाला खिचडीची चूल आहे. तिथे रतनबाई खिचडी करते. तिने पळी खाली ठेवली. "अगं, मी एकदा बोलावलं तर न्हाई म्हणलीस तू."

"बारक्या पोरांच्या ओळीत उभं राहायचं म्हणजे... सगळ्या हसतात," संस्कृती म्हणाली.

मित्रांनो, इतकी वर्षे ज्या कोड्याने मला छळले, त्याचे उत्तर माझ्यापासून वीस पावलांवर रोज शिजत होते. वास मला येत होता. पोरगी नाक दुसरीकडे करून वर्गात जाताना मी बघत होते. आणि तरी मला वाटायचे, हिला खिचडी आवडत नसेल!

सव्वीस जानेवारीला रामेश्वर सरांनी तक्ता वाचला, पण दुसरा, सगळ्यांना नव्याने मोजून आणि विचारून केलेला. "मी आधी केलेला तक्ता चुकीचा होता," त्यांनी गावापुढे सांगितले. "नववी-दहावीच्या एकतीस पोरींपैकी बारा पोरी सात महिन्यांत वाढल्याच न्हाईत. त्या दुपारी उपाशी असतात, अन् मला ते ठाऊक नव्हतं." मला त्या माणसाचा फार अभिमान वाटला. मग काय, कुणी ज्वारी दिली, कुणी तूर, कुणी शेंगदाणे. रतनबाईने दुसरे पातेले चढवले. नववी-दहावीची पंगत वेगळी, वर्गातच बसायची, म्हणजे ओळीची लाज नको. निळी गोळी जेवणानंतर. सटवाने छिन्नीने माझे पाय मोकळे केले, मला नव्या फरशीवर सरळ उभे केले आणि पुन्हा भिंतीला ठोकले. पाठीमागून गोळ्या घरंगळल्या तेव्हा संस्कृतीने जीभ चावली.

जूनमध्ये ती परत माझ्यापाशी आली. गालांवर थोडे मांस आले होते, चक्कर थांबली होती. फळी डोक्यावर टेकली. एकशे त्रेचाळीस.

"एकच?" तिने विचारले. "अजून किती वाढंल सिस्टर?"

सिस्टरांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या खोटे बोलल्या नाहीत. "थोडी वाढशील. पण गेलेलं वर्ष पुरतं भरून न्हाई निघायचं, बाळा."

संस्कृतीने चपला पायात घातल्या. मग तिने मागे उभ्या असलेल्या आठवीतून नववीत आलेल्या पोरींकडे पाहिले आणि म्हणाली, "मग ह्यांना आजपासूनच पंगतीत बसवा."

मित्रांनो, आता तुमच्याकडे एक मागणे आहे. माझे आकडे पाठ करू नका. तुमच्या बाकावर शेजारी जी बसते, ती दुपारच्या सुट्टीत डबा न खाता पाण्याच्या टाकीकडे एकटीच जाते का, एवढे बघा. आणि ती एकटी जाणारी तुम्हीच असाल, तर लाजू नका. मी लाकडाची आहे, आयुष्यभर नुसती बघत राहिले. तुम्हाला तोंड आहे. सरांना सांगा, बाईंना सांगा, की मला भूक लागली आहे. आजच सांगा.